सात खोल्यांचं सामान दोन खोल्यांत कसं आणायचं

आमचं सांगलीतलं गावभागातलं घर म्हणजे सोपा-माजघर धरून सात खोल्या, वर माळा, मागं परडं, आणि शेवटी शेवटी त्यात राहणारे आम्ही दोघंच. मी ६४, हे ७०. वापरात खोल्या दोन पण झाडायच्या सातही. आता आम्ही सांगलीतच विश्रामबाग भागात तिसऱ्या मजल्यावर ५८० स्क्वेअर फूट कार्पेटच्या फ्लॅटमध्ये राहतोय. हे सगळं व्हायला दीड-दोन वर्ष गेली आणि हल्ली दर महिन्याला ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं की अहो तुम्ही एवढं सामान आवरलं तरी कसं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आधी कधी करायचं ते सांगते कारण खरी मेख तिथंच आहे. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ४० ची आणि धोका पातळी ४५ ची, म्हणजे धोक्याच्या वर आणखी बारा फूट. आमच्या माजघरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर परत आलो तर गल्लीत दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं, फ्रीज, पुस्तकांचा लगदा, कुणाच्या लग्नाचे अल्बम, सगळ्याचा ढीग आणि वास. सासूबाईंनी चाळीस वर्ष जपलेलं तीन दिवसात फावड्यानं उचलून डंपरमध्ये गेलं. काय ठेवायचं आणि काय नाही हे त्यावेळी पाण्यानं ठरवलं, आम्हाला कुणी विचारलं नाही. २०२१ ला परत पाणी. तेव्हाच माझ्या मनानं घेतलं की आता जे जायचंय ते माझ्या हातानं, माझ्या डोळ्यादेखत, ज्याला द्यायचं त्याच्या हातात जाऊ दे. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

तर गुडघे, डोळे आणि डोकं तिन्ही चालतंय तोवर करा. माझं साधं माप सांगते, माळ्यावर तुम्ही स्वतः शिडीनं चढून खाली उतरू शकताय ना, मग हीच वेळ. अजून पाच वर्षांनी बघू म्हणालात तर माळा तुमची मुलं रिकामा करतील, दोन दिवसांच्या सुट्टीत, भंगारवाल्याला बोलावून. आणि एक, घरातलं माणूस गेल्यावर लगेच घर हलवू नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं घर काका गेल्यावर महिन्याभरात रिकामं केलं, चांगल्या हेतूनंच केलं, पण त्या अजून काकांचा चष्मा आणि डब्यातलं घड्याळ विचारतात. निदान वर्षश्राद्ध होऊ दे. आमच्या सासूबाई २०२२ ला गेल्या, आम्ही वर्षभर काहीही हलवलं नाही.

आधी भाड्यानं राहून बघा

हे फार कमी लोक करतात आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. घर विकायची घाई न करता आम्ही ११ महिन्यांचा करार करून विश्रामबागेतच एक छोटा फ्लॅट भाड्यानं घेतला. जुन्या घराला कुलूप, किल्ली आमच्याकडंच. जाताना मुद्दाम अगदी थोडं नेलं, पाहुण्यांकडं पंधरा दिवस राहायला जातो तेवढं, आणि भांड्यात दोन माणसांना पुरतील एवढीच. मग एक वही केली. जुन्या घरातून काहीही आणायला जावं लागलं की वहीत लिहायचं, काय आणलं, कशासाठी.

चार महिन्यांत वहीत अकरा नोंदी झाल्या. खलबत्ता, बिडाचा तवा, माझी शिवणाची पेटी, यांची हत्यारांची पेटी, दुसरी मोठी परात, पुरणयंत्र, एक जाड वाकळ, असंच. अकरा. सात खोल्या आणि माळा भरून सामान, त्यातलं हात पुढं करून मागितलं ते एवढंच. यांना मी कितीही समजावलं असतं तरी पटलं नसतं, वहीनं पटवलं. भाड्याचे पैसे वाया जातात असं वाटत असेल तर चुकीचा फ्लॅट विकत घेऊन परत विकण्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली मिळून किती जातात ते एकदा मांडून बघा. शिवाय आम्हाला कळलं की यांना सकाळी फिरायला रस्ता लागतो आणि मला भाजी चालत जाऊन आणता आली पाहिजे, हे दोन नसेल तर आम्ही एकमेकांशी भांडतो.

फ्लॅट बघताना सांगलीत पहिला प्रश्न पाण्याचा. बिल्डरला नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी कुठवर होतं, तो हात करून दाखवतो. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या, ते पण बघून घ्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्हाला काय, असं म्हणू नका. पार्किंगमध्ये पाणी आलं की मीटर खाली, मोटर खाली, लिफ्ट बंद, आणि मग सत्तरीतल्या माणसानं जिन्यानं पाण्याच्या बादल्या आणायच्या का?

बाकी, एरिया कार्पेटच विचारा. ८५० ची जाहिरात वाचून जाल आणि आत मोजलं तर ५८० निघतील, रेरात, म्हणजे बांधकामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेल्या प्रकल्पाला कार्पेट सांगावंच लागतं. लिफ्टला बॅकअप आहे का आणि खुर्चीवर बसलेला माणूस खुर्चीसकट आत मावतो का हे खुर्ची नेऊन बघा, खरंच नेऊन बघा. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, कारण माणूस आत पडला की दारालाच अडून पडतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही. कडी बाहेरून उघडता येईल अशी. हँडल भिंतीत पक्कं बसवलेलं हवं, टॉवेलच्या दांडीला धरून कुणी उठायचं नाही. उंबरे काढून टाका. एवढं झालं की मग टाइल्सचा रंग.

रांगोळीचा हॉल

फ्लॅट पक्का झाल्यावर मोजपट्टी घेऊन जा आणि प्रत्येक भिंत, खिडकी, दार कुठल्या बाजूला उघडतं, स्विच कुठं आहेत, सगळं कागदावर उतरवून आणा. पण नुसते आकडे डोक्यात शिरत नाहीत. आमचे हे रोज म्हणायचे की सोप्यातला सासऱ्यांचा शिसवी पलंग हॉलमध्ये बसतोय, चौदा फुटांची भिंत आहे. मी काय केलं, परड्यात सडा टाकला आणि रांगोळीनं सगळा हॉल जमिनीवर आखला, पावणेदहा बाय चौदा, दार तिथं रेघ सोडली, गॅलरीच्या दाराला सोडली. गल्लीतल्या दोन पोरांना बोलावून पलंग उचलून त्यात ठेवला. मग टीव्हीचं टेबल, दोन खुर्च्या, कपाट. हे मुख्य दारातून आत शिरले, पलंगाला वळसा घालून गॅलरीकडं निघाले आणि दोनदा त्यांचा पाय रेघेच्या बाहेर पडला, म्हणजे भिंतीत. परत एकदा चालून बघितलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, ताईच्या धाकट्याचं नवीन घर झालंय, पलंग नेतो का विचार त्याला.

तर असं आखून बघा, अंगण नसेल तर गच्चीवर खडूनं. भांडण होत नाही, जमीनच सांगते. आणि जे कपाट न्यायचंय त्याची उंची-रुंदी लिफ्टला आणि जिन्याच्या वळणाला लावून बघा. आमचं गोदरेजचं मोठं कपाट लिफ्टमध्ये गेलं नाही, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, हमालांनी अर्धा तास खटाटोप करून परत खाली आणलं आणि वर जादा पैसे द्यावे लागले. आधी मोजलं असतं तर तिथंच कुणाला तरी देऊन टाकलं असतं.

आवरायला कुठून सुरुवात करायची

फोटोंपासून तर मुळीच नाही. फोटोचा डबा उघडला की दिवस गेला आणि रात्रीची झोपही गेली. न्हाणीघर, औषधांचं कपाट, प्लॅस्टिकचे डबे, जुन्या वायरी आणि रिमोट, जिथं जीव गुंतलेला नाही तिथून सुरू करा. दिवसाला एक कप्पा, सकाळी दहा ते बारा, बास. जेवणानंतर करायला बसलात की सगळंच ठेवावंसं वाटतं, हे मी स्वतः अनुभवलंय, दुपारी बांधलेलं बोचकं दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं की निम्मं टाकण्यासारखं निघायचं.

ढीग चार करा. सोबत येणारं, मोडीत-भंगारात जाणारं, नाव ठरलेलं, आणि अजून ठरत नाही असं. यातला नाव ठरलेलं हा ढीग सगळ्यात मोठा व्हायला पाहिजे. म्हणजे वस्तूवर चिठ्ठी लावायची आणि त्यावर माणसाचं नाव, 'गरजूंना' असं नाही, माणूस. जे अजून ठरत नाही त्यासाठी एकच ट्रंक. ट्रंक भरली की एक आत घालायला एक बाहेर काढायची. ही ट्रंक आमच्याबरोबर फ्लॅटमध्ये आली, सहा महिन्यांनी उघडली तेव्हा बरंच काही आपोआप ठरलेलं होतं.

तांब्या-पितळेचं सांगते कारण सगळ्यांच्या घरात हाच मोठा पसारा. बंब, घंगाळ, हंडे, कळशा, पराती, पंक्तीची पातेली. मोडीच्या दुकानात वजनावर घेतात. तांबं आणि पितळ आधीच वेगळं करा कारण तांब्याचा भाव जास्त, लोखंडी कड्या-पाय असतील ते काढा, आणि एकाच दिवशी दोन-तीन दुकानांत भाव विचारा. पण देण्याआधी प्रत्येक भांडं उलटं करून, पुसून, उजेडात वाचा. पूर्वी लग्नात-मुंजीत आलेल्या भांड्यांवर नाव आणि साल कोरून घ्यायचे. काळ्याकुट्ट झालेल्या एका गडूला मी चिंच लावून घासलं तर खाली सासूबाईंच्या आईचं माहेरचं नाव आणि १९३८. सासूबाईंनी हा गडू कधी वापरात काढलेला मला आठवत नाही, कोठीच्या मागं पडून होता. तो लेकीला बेळगावला दिला, ती त्यात रोज तुळशीला पाणी घालते. बाकी पातेली गेली, पाच किलोची परात गेली, त्याचं काही वाटलं नाही. पण तो गडू न वाचता वजनात गेला असता तर मला कधीच कळलं नसतं.

जातं आणि पाटा-वरवंटा फ्लॅटमध्ये नेऊ नका, फरशी आणि खालच्या मजल्यावरचे लोक दोन्ही वैतागतात. पण फेकूही नका, लग्नाच्या हळदीला जातं शोधत फिरणारे लोक असतात, आमचं मागच्या गल्लीत ज्यांच्या घरी कार्य होतं त्यांनी आनंदानं नेलं. कापसाच्या नऊ गाद्या होत्या, त्या पिंजून त्यातल्या चांगल्या कापसाच्या तीन पातळ करून घेतल्या, गुंडाळून पलंगाखाली राहतात आणि पोरं आली की निघतात. जुन्या सुती साड्या वाकळा शिवणाऱ्या बाईंना दिल्या, दोन वाकळा आपल्याला आणि बाकी कापड तुमचं असं ठरवलं.

धान्याचं मात्र एक वर्ष आधी ठरवायला लागतं. आमच्यात दर उन्हाळ्यात शाळू आणि गहू ऊन देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचे, चटणी पाच-सहा किलो कांडून आणायची, लोणच्याच्या तीन बरण्या. जायचं ठरलं की त्याच्या आधीचा उन्हाळा कोठी भरू नका, आहे ते संपवत या. मला हे जड गेलं, मी खोटं सांगत नाही, भरलेली कोठी नसली की घर रिकामं वाटतं. आता दहा किलोचा डबा शाळूचा, दहाचा गव्हाचा, चटणी दीड किलो. चव तीच आहे कारण मसाला मी स्वतःच भाजते.

देवघराचं एकट्यानं ठरवू नका. आमचे टाक आमच्याबरोबर आले, पण गौरीचे मुखवटे आणि सगळी मांडणी कुपवाडला धाकट्या जाऊबाईंकडं गेली, कारण गौरी बसवायला जागा आणि वाढायला हात लागतात आणि ते त्यांच्याकडं आहेत. सहा महिने आधी भावजींशी आणि जाऊबाईंशी बसून बोललो, मोठीनं धाकटीला स्वतःहून विचारलं म्हणून कुणाचं मन दुखलं नाही. आता आवाहनाच्या आदल्या दिवशी मी तिकडं जाते आणि पुरण मीच घालते. फ्रेम केलेल्या देवांच्या तसबिरी चौदा होत्या. पिंपळाखाली नाहीतर घाटावर नेऊन ठेवू नका हो, पावसात त्यांची फार वाईट अवस्था होते. काच आणि लाकूड वेगळं काढा आणि कागदाचं काय करायचं ते आपल्या गुरुजींना विचारून करा.

कागद, पुस्तकं आणि तंबोरा

जुन्या घरात ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद निघतात, वाचता येत नाहीत म्हणून लोक रद्दीत घालतात. असं करू नका. वाटणीपत्र असेल, गहाणखत असेल, नाहीतर नुसती कुणाची खुशालीची चिठ्ठी असेल, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला एकदा दाखवा. आमच्या एका कागदात परड्यातल्या विहिरीच्या पाण्याचा शेजाऱ्यांबरोबरचा करार निघाला, त्याची मूळ प्रत शेजाऱ्यांनाच दिली आणि आपल्याकडं फोटो ठेवला.

पुस्तकं देताना आधी यादी करून वाचनालयाला फोन करा, त्यांच्याकडं जागा असते-नसते, त्यांना काय हवं ते तेच सांगतील. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली, तेव्हापासून मला चांगल्या अवस्थेतलं पुस्तक रद्दीत घालवत नाही. फाटलेली पाठ्यपुस्तकं आणि जुनी गाइडं मात्र खुशाल रद्दीत घाला, वाचनालय म्हणजे आपली अडगळ टाकायची जागा नाही. फोटो सगळ्यात शेवटी. मोबाइलवर काढून ठेवायचे तर खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. आणि त्याआधी घराण्यातलं सगळ्यात वयस्कर जे कुणी हयात आहे त्यांना दोन दिवस राहायला बोलवा. आम्ही वन्संना बोलावलं. एकेक फोटो हातात देऊन हे कोण, कुठलं, कधीचं विचारलं आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं. ज्या फोटोतलं एकही माणूस वन्संनाही ओळखू आलं नाही ते आम्ही जाऊ दिले.

सासूबाईंचा एक तंबोरा होता. त्या लग्नाआधी गाणं शिकायच्या, इथं आल्यावर तो सोप्यात खुंटीला टांगलेला राहिला, दोन्ही पुरांत पाणी त्याच्या भोपळ्याच्या खाली वीतभर येऊन थांबलं. तारा गंजलेल्या, एक खुंटी फिरेना. फ्लॅटमध्ये तो ठेवायला जागाच नव्हती आणि मोडीत काढायची माझी हिंमत नव्हती. मिरज आपल्या शेजारीच, तिथल्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. तिथल्या कारागिरांनी भोपळ्यावर बोटानं टकटक करून कान लावून बघितलं, म्हणाले भोपळा शाबूत आहे. तारा बदलल्या, खुंटी बसवली, घोडीवर जवारी काढली, म्हणजे घोडी घासून सूर गुंजेल अशी केली, या सगळ्याला तीन आठवडे लागले. आणायला गेलो तेव्हा त्यांनी चारी तारा लावून छेडल्या आणि यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही, आईच्या तंबोऱ्याचा आवाज यांनी सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकला होता. तो आता आमच्या जुन्या गल्लीतली एक मुलगी गाणं शिकते तिच्याकडं आहे. दिवाळीत ती सकाळी येऊन आमच्याकडं म्हणून गेली. किमती वस्तू नुसती देऊन टाकण्यापेक्षा आधी चालती करून द्या, खर्च होतो, पण मग घेणारा ती वापरतो.

मुलांना काय आणि कसं विचारायचं

मुलगा पुण्यात, लेक बेळगावला. पहिल्यांदा विचारलं तेव्हा दोघंही म्हणाले, राहू दे ना आई, नंतर बघू. मग आम्ही नियम केला, 'राहू दे' म्हणालं त्यानं ते न्यायचं, पाडव्याच्या आत. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दीर-जाऊ-वन्सं सगळे त्यात, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की आम्हाला न सांगता वाटलं. एकच वस्तू दोघांना हवी असेल तर ठरवणार आम्ही. मुलांनी नेलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचाही फ्लॅट ६०० फुटांचाच आहे. सुनेनं सगळ्या सामानातून लाकडी पोळपाट तेवढा मागितला, मला आधी विचित्र वाटलं, नंतर कळलं की तो इथल्या पहिल्या दिवाळीत तिनं करंज्या लाटलेला पोळपाट होता.

पैसे आणि नावं

इथं लाजू नका, स्पष्ट बोला. वाडवडिलांचं घर असेल तर आधी सिटी सर्व्हेला जाऊन प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत बघा. आमच्याकडं सासऱ्यांनंतर वारस नोंदच झालेली नव्हती, त्यातच पाच महिने गेले. बहिणींकडून हक्कसोडपत्र फुकटात लिहून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे, ती मला पटत नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे. आम्ही वन्संना त्यांचा वाटा दिला, त्या नको नको म्हणत होत्या तरी दिला, आणि त्यामुळं आजही त्या आमच्याकडं हक्कानं चार दिवस राहतात.

नवं घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आणि मोठं विकून छोटं घेताना एक गोष्ट हमखास लोकांच्या लक्षात येत नाही. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो, आणि विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत राहतं घर विकत घेतलं तर जेवढा नफा त्यात गुंतवला तेवढ्यालाच सूट मिळते. छोटं घर स्वस्त, म्हणून नफ्यातला काही भाग उरतो आणि त्यावर कर बसतो. उरलेल्यासाठी सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवता येतात. फार जुनं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा दाखला घ्या. हे सगळं विसारपत्र करायच्या आधी सीएकडं जाऊन मांडा, पैसे हातात आल्यावर नाही.

उरलेले पैसे मुलांना लगेच वाटू नका, आणि जास्त व्याजाच्या नादानं पतसंस्थेत तर नाहीच. आमच्या घरात एकदा असे पैसे बुडालेत, सासऱ्यांच्या ग्रॅच्युइटीचे, त्यांनी शेवटपर्यंत ते बोलून दाखवलं. बँकेत ठेवीला एका बँकेत एका माणसामागं ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतसुद्धा, पतसंस्थेला ते नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि दर तिमाहीला व्याज येतं, आमचा महिन्याचा खर्च त्यातच निघतो. आणि फ्लॅटला नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात.

प्रत्यक्ष हलवताना

पावसाळ्यात हलवू नका, सांगलीत तर नाहीच. दिवाळीनंतर पौष लागायच्या आत आम्ही गेलो, ऊन नाही, पाऊस नाही, हमालही मिळतात. छोटा हत्ती टेम्पोच्या तीन खेपा झाल्या, एवढंच सामान उरलं होतं. हमालांशी मजल्यासकट दर आधी ठरवा आणि स्वतः काहीही उचलू नका, यांनी मिक्सरचा खोका उचलला आणि आठ दिवस कंबर धरून बसले. एक पिशवी मात्र स्वतःच्या हातात ठेवा, तिच्यात औषधं, चष्मे, चार्जर, टॉर्च, चहा-साखर, एक टॉवेल आणि दूध उतू घालायचं पातेलं. आमचं पातेलं चुकून दुसऱ्या खोक्यात गेलं होतं आणि मुहूर्त टळायला आला तरी सापडेना.

जुन्या घरातून निघताना लाइटच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या जपून ठेवा, गॅस, रेशन कार्ड, आधार, बँक, पेन्शन, मतदार यादी, सगळीकडं पत्ता बदलायची एक यादी करून दारामागं चिकटवा आणि झालेलं खोडत जा.

नवीन घरात पहिले दोन महिने रात्री जाग आली की मला दिशाच कळायची नाही, जुन्या घरातल्या न्हाणीघराच्या अंदाजानं चालायचे आणि भिंतीला हात लागायचा. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत रात्रभर चालणारे छोटे दिवे लावा, पहिल्या दिवसापासून. आणि दुपारी दार उघडं ठेवून बसा. आम्ही बसलो म्हणून समोरच्या ताई बोलायला आल्या, नाहीतर फ्लॅटमध्ये वर्ष वर्ष शेजारी कळत नाही.

तुळशीवृंदावन आमचं दगडी, ते जागेवरच ठेवलं, नवीन मालकांनाही ते हवंच होतं. पण जायच्या महिनाभर आधी तुळशीच्या मंजिऱ्या सावलीत वाळवल्या, हातावर चोळून बी काढलं आणि कागदाच्या पुडीत घालून पुडी मिठाच्या बरणीशेजारी ठेवली म्हणजे विसरायला नको. फ्लॅटमध्ये गेल्यावर आधी चार दिवस ऊन कुठल्या गॅलरीत किती वाजेपर्यंत येतं ते बघितलं, मग कुंडी ठेवली, बी वर वर पसरलं, पाणी शिंपडून ओलं ठेवलं. थंडी होती म्हणून उगवायला वीस दिवस लागले. पूर्वेच्या गॅलरीत अकरापर्यंत ऊन असतं, तेवढं तिला पुरतं.